दोन्ही बाह्या उजव्या

कापायचं टेबल दुकानाच्या मागच्या खोलीत खिडकीला लागून होतं, आणि त्याच्या एका बाजूला एकेचाळीस वर्षं एकच माणूस उभा राहत आला होता. तिथली फरशी दोन पावलांपुरती झिजून गुळगुळीत झाली होती. दुकानात त्यांना मास्तर म्हणत. गल्लीतही मास्तरच. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून बायकोही मास्तर म्हणायला लागली होती, आधी चेष्टेनं, मग सवयीनं. त्यांचं खरं नाव दवाखान्याच्या कार्डावर होतं. तिथं कुणी ते पुकारलं की मास्तर लगेच उठत नसत. दुसऱ्या कुणाला तरी बोलावतायत असं त्यांना वाटे.

काम पुरुषांचे कोट कापण्याचं. गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्याचा कुठला खांदा उतरलेला आहे हे मास्तरांना टेप काढायच्या आधी कळे, आणि ते त्याला तसं तोंडावर सांगत. नाकावर माशी बसू देत नसत. शिलाई जराशी तिरकी गेली की मशीनवाल्याला म्हणत, "हे शिवलंयस की रस्ता खणलायस?" मशीनवालाही वस्ताद होता. तो माघारी म्हणे, "मास्तर स्वर्गात गेले तर आधी तिथल्या सगळ्यांची मापं घेतील, मग विचारतील, हे कुणी कापलं?" हे मास्तरांच्या कानावर आलं होतं, आणि त्यांना ते आवडलं होतं.

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला काजवाली असे. बटणांची काजं हातानं करणारी बाई, म्हणून काजवाली. बावीस वर्षं ती तिथं होती. तिचं मुख्य काम काजांचं, पण तिच्याकडे आणखी एक जबाबदारी होती.

कोटाचं कापड एरवी दुमडून कापतात. दुहेरी कापडावर एकदा खडू फिरवला की उजवी-डावी बाही जोडीनं निघते. चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. पण कापड कमी असलं की ते उलगडावं लागतं. मग एकेक भाग जागा मिळेल तिथं बसवायचा, आणि बाहीच्या आकाराचा पुठ्ठा एकदा सुलटा ठेवायचा, एकदा पालथा. पालथा घालायला विसरलं की दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघतात. फार वर्षांपूर्वी या दुकानात ते एकदा झालं होतं, आणि तेव्हाच्या थोरल्या मालकांनी नियम घातला होता: एकेरी कापड एकट्यानं कापायचं नाही. समोर दुसरं माणूस हवं. पहिली बाही आखून झाली की त्यानं कापडावर तळवा ठेवून मोठ्यानं म्हणायचं, "उजवी झाली." पुठ्ठा पालथा पडलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तळवा उचलायचा नाही. बावीस वर्षं तो तळवा काजवालीचा होता.

मास्तरांच्या उजव्या अंगठ्यात थरथर सुरू झाली त्याला दीड वर्ष झालं होतं. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या. गोळीनं थरथर दोनेक तास आटोक्यात राहते, जात नाही. मास्तरांनी घरी सांगितलं, अशक्तपणा आहे. दुकानात काहीच सांगितलं नाही. दहाला गोळी घ्यायची आणि साडेदहा ते साडेबारा कापायचं, एवढा बदल त्यांनी केला. कात्री जड असते, ती टेबलावर टेकून चालते, तिच्या वजनानं हात स्थिर राहतो. खडू हलका, तो लगेच चुगली करतो. म्हणून आखून झालं की ते हात धुवायला जात, चहा घेत आणि मग येऊन कात्री उचलत. तरीही कोट पहिल्यासारखेच बसत होते. दीड वर्षात एकाही गिऱ्हाइकानं नाव ठेवलं नव्हतं. मास्तर मनाशी म्हणत, आजार आजाराच्या जागी, माझा हात माझ्या जागी.

घरी बायकोनं चहाचा कप अर्धाच भरायला सुरुवात केली होती. त्याबद्दल दोघंही कधी बोलले नव्हते.

तर अशात पाणीखात्यातून निवृत्त झालेले एक आजोबा उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं कापड घेऊन आले. निळसर करडं, जाड, एका बाजूनं गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूनं फिकट आणि लव असलेलं. तसं कापड आता कुणी विणत नाही. त्यांच्या बायकोनं ते सव्वीस वर्षांपूर्वी घेऊन ठेवलं होतं.

"दरवर्षी म्हणायची, शिवून टाका," आजोबा म्हणाले. "मी म्हणायचो, कोट घालून मी जाणार कुठं? फुटलेला पाइप बघायला?"

बायको गेल्याला चार महिने झाले होते. कापड तेव्हाच्या बारीक अंगाच्या मापानं घेतलेलं, त्यात एक कड कसरीनं खाल्लेली. दोन शिंप्यांनी हात लावायला नकार दिला होता.

"कुठं घालून जायचंय?" मास्तरांनी विचारलं.

"कुठं नाही. घालायचाय."

धाकटे मालक हलक्या आवाजात म्हणाले, "मास्तर, एवढ्यात कोट बसणार नाही. उगाच गळ्यात घेऊ नका." धाकटे मालक म्हणजे थोरल्यांचा मुलगा. त्याची शाळेची चड्डी मास्तरांनीच कापली होती. एकटे असले की ते त्याला अरेतुरे करत, गिऱ्हाइकासमोर अहोजाहो.

"दुसऱ्यांना बसत नसेल," मास्तर म्हणाले. "माझ्यावर सोडा. शनिवारी ट्रायलला या, आजोबा."

मंगळवारी त्यांनी कापड उलगडून टेबलावर घातलं. दहाची गोळी घेतली होती, पण साडेदहा झाले, पावणेअकरा झाले, अंगठा ऐकेना. काजवाली नेहमीप्रमाणे समोर येऊन उभी राहिली. मास्तरांनी खडू उचलला आणि खाली ठेवला.

"अस्तराला जुळणारा धागा नाहीये. जाऊन घेऊन ये."

"आणते की. आधी बाह्या होऊ देत."

"आत्ता जा."

"मास्तर, एकेरी कापड आहे."

"नियम मला शिकवू नकोस. तू यायच्या आधीपासून मी इथं उभा आहे."

ती पिशवी घेऊन गेली. मास्तरांनी खोलीचं दार लावून घेतलं. डाव्या हातानं उजवं मनगट टेबलावर दाबून धरलं आणि वीत-वीत करत आखायला घेतलं. पाठ झाली, पुढचे दोन्ही भाग झाले. पहिल्या बाहीला चार वेळा थांबावं लागलं. सदरा पाठीला चिकटला. त्यांनी पुठ्ठा उचलून मोकळ्या जागेवर सरकवला आणि दुसरी बाही आखली, आणि या खेपेला रेघ मुंढ्याच्या, म्हणजे बाही खांद्याला जोडतात तिथल्या, गोलाईवरून एका दमात, कुठंही न थरथरता आली. तशी रेघ कित्येक महिन्यांत आली नव्हती. मास्तर तिच्याकडे बघत राहिले. त्यांना इतका आनंद झाला की पुठ्ठा कुठल्या अंगावर पडलाय हे त्यांनी पाहिलंच नाही. हात गरम आहे तोवर उरकून घ्यावं म्हणून लगेच कात्री घेतली.

बुधवारी दुपारी मशीनवाल्यानं कच्ची शिलाई घालायला बाह्या घेतल्या. एक लावली, दुसरी हातात धरून फिरवून फिरवून पाहिली आणि हसत म्हणाला, "मास्तर, आजोबांना दोन्ही हात उजवे आहेत का हो?"

कुणी हसलं नाही. मास्तरांनी बाही हातात घेतली. पालथी बाजू वर घेऊन चालवणं शक्यच नव्हतं, दोन बाजूंचा रंग वेगळा होता.

धाकटे मालक आत आले. बाही बघितली, उरलेल्या चिंध्या बघितल्या. मग खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा सावकाश एकाच दिशेला वळल्या. दुसऱ्या बाहीच्या आधी कापडावर तळवा कुणाचा असतो हे सगळ्यांना माहीत होतं.

"अहो बाई, तुमचं लक्ष कुठं होतं?" मालक म्हणाले.

काजवाली मास्तरांकडे बघत होती. "मी तेव्हा धागा आणायला गेले होते," ती म्हणाली. "मास्तरांनीच पाठवलं."

मालकांनी मास्तरांकडे पाहिलं. बाहेर दोन गिऱ्हाइकं माना उंचावून बघत होती.

"ते नंतर," मास्तर म्हणाले.

एवढेच दोन शब्द. एकेचाळीस वर्षांच्या माणसानं म्हटल्यावर तिसऱ्याची गरज नव्हती. काजवालीनं सुई टोचू नये म्हणून बोटावर घातलेली टोपी काढून डबीत ठेवली. चष्मा, छोटी कात्री आणि खुर्चीवरची स्वतःची उशी पिशवीत घातली. मालक गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "उद्यापासून यायची गरज नाही." ती गेली तेव्हा मशीन बंदच होतं, त्यामुळे तिच्या चपलांचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू आला.

संध्याकाळी बायकोनं विचारलं, "आज चेहरा असा का?"

"काजवालीला काढलं."

"अगं बाई. का?"

"चूक केली. मोठी."

"तिनं?"

मास्तर सदऱ्यावरचा खडू झटकू लागले. तिनं अर्धा कप पुढे ठेवला आणि आत निघून गेली.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मास्तर काजवालीच्या घरी गेले. तिसरा मजला, दोन खोल्या. रात्रभर जुळवलेलं भाषण जिन्यातच निम्मं सांडलं होतं. ती खिडकीशी बसून शेजाऱ्यांच्या पँटची तुरपई करत होती.

"चपला तिथंच काढा. आत्ताच पुसलंय."

मास्तर दारातच उभे राहिले. "चूक माझी होती," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे... तुला..."

"मास्तर, त्या खोलीत मी नव्हते. मला माहीत नसणार तर कुणाला असणार?"

"मग तू जोर लावून बोलली का नाहीस?"

"बोलले की. तुम्ही म्हणालात, ते नंतर." तिनं सुई कापडात खोचली. "आता मला कशाला सांगायला आलात? मला माहीतच आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

मास्तरांनी मग जे कुणालाच दाखवलं नव्हतं ते दाखवलं. उजवा हात पुढे धरला. दुपारची वेळ होती, गोळी कधीच उतरली होती. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होती, पिठाची गोळी वळावी तशी.

"हे आहे," ते म्हणाले. "म्हणून तुला पाठवलं. तू बघू नयेस म्हणून."

काजवालीनं हाताकडे फारसं पाहिलंही नाही. "दीड वर्ष झालं बघतेय."

"काय?"

"तुम्ही आखून हात धुवायला जायचात ना? तुमच्या रेघा पुसून मी परत ओढायचे. पुठ्ठा लावून. पहिल्यांदा एका गळ्याची गोलाई वाकडी दिसली म्हणून ओढली. मग रोजच."

मास्तरांना आधी ते कळलंच नाही. मग कळलं.

"प्रत्येक?"

"दुहेरीत सोपं जायचं. एकेरीत मान मोडून यायची." तिनं सुई परत उचलली. "तुम्हाला कळू नये म्हणून दार लोटून घ्यायचे. आणि त्या दिवशी तुम्ही मलाच बाहेर घालवलंत."

"मला सांगायचं तरी..."

"सांगून बघायला हवं होतं का? मुंढा चुकला म्हटलं म्हणून तुम्ही मशीनवाल्याशी आठ महिने बोलला नव्हतात."

मास्तर जिना उतरले. दुकानाकडे न जाता बसथांब्यावरच्या बाकावर बसले. एक बस आली, गेली. दुसरी आली, गेली. रस्त्यानं कोट घातलेली माणसं जात होती. त्यातला एक कोट आपला आहे हे खांद्यावरून त्यांनी ओळखलं, आणि लगेच पुढचा प्रश्न आला: कधीचा? दीड वर्षाच्या अलीकडचा असेल तर तो खांदा आपला नाही. आपल्या हातानं आखलेला शेवटचा कोट कुठला तरी असणारच होता. मास्तर तो आठवत बसले. रंग आठवेना, गिऱ्हाईक आठवेना. तो दिवस इतर दिवसांसारखाच गेला होता, संध्याकाळी खडूचे हात झटकून ते घरी गेले होते. त्यानंतर दीड वर्ष लोक ज्याला मास्तर म्हणत होते तो माणूस आता या बाकावर बसलेला होता, आणि त्याला काय म्हणायचं हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. तिसरी बस थांबली. चालकानं खिडकीतून विचारलं, "येताय का काका?" मास्तरांनी मान हलवली. नाही म्हणून हलवली की आपोआप हलली, तेही त्यांना सांगता आलं नसतं.

शुक्रवारी त्यांनी धाकट्या मालकांना मागच्या खोलीत बोलावून सगळं सांगितलं. हातही दाखवला. मालक खुर्चीवर बसले, बराच वेळ टाळूवरून हात फिरवत राहिले.

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"तिला. तुला."

"मग इथंच राहू द्या."

"अरे, तिला उगाच काढलंयस."

"तिला मी महिन्याभरानं परत बोलावतो. समजूत घालीन, माझ्यावर सोडा. पण मास्तर, लोक या दुकानात पाटी बघून येत नाहीत, तुमच्यासाठी येतात. मास्तरांचा हात थरथरतो, मास्तरांनी दोन उजव्या बाह्या कापल्या, हे बाहेर गेलं तर उद्या शटर ओढावं लागेल. मशीनवाला काय करेल मग? तुमच्यासाठी म्हणून नाही, आमच्यासाठी गप्प बसा."

"आणि आजोबा?"

"त्यांना सांगू, बाईनं घोळ केला, काढून टाकलं तिला. हळहळतील आणि जातील."

मास्तरांना वाटलं होतं, सांगणं अवघड आहे. सांगूनही कुणाला नकोच असेल हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. मालक गेल्यावर ते टेबलाशी उभे राहिले. मोठी कात्री समोर होती. त्यांनी ती उघडली आणि उजवा अंगठा दोन पात्यांच्या मधे ठेवला. अपघात झाला असता. मास्तरांचा अंगठा कामावर असताना गेला, असं लोक म्हणाले असते. गल्ली भेटायला आली असती. रेघा, बाह्या, कंपवात, सगळं त्या एका अंगठ्याखाली झाकलं गेलं असतं, आणि मास्तर शेवटपर्यंत मास्तर राहिले असते. डावा हात कात्रीवर होता, आणि तो मुळीच थरथरत नव्हता. तेच पाहून त्यांना धडकी भरली. त्यांनी कात्री मिटवली, वरच्या फळीवर टाकली आणि खाली बसले. फरशी गार होती. बाहेर मशीन चालू होतं. कुणी आत आलं नाही.

शनिवारी अकराच्या सुमाराला आजोबा आले. दाढी करून, केस चोपून बसवून आले होते. पुढच्या दालनात तीन गिऱ्हाइकं होती. मालक हसत पुढे झाले, "या आजोबा, बसा. एक जरा वाईट झालंय बघा. आमच्याकडे एक बाई होती—"

"तिचा संबंध नाही," मास्तर आतून येत म्हणाले. "मी चुकवलं."

"मास्तर, तुम्ही आत चला."

मास्तर आत गेले नाहीत. त्यांनी सांगायला सुरुवात केली. आवाज फुटत होता, पण भाषण तीन दिवसांत पाठ झालं होतं. मी दीड वर्ष आजार लपवला. मी तिला मुद्दाम बाहेर पाठवलं. मी नियम मोडला. मी खोटं बोललो. मी या लायकीचा राहिलो नाही. काउंटरवर काळ्या अस्तराचं ठाण पडलं होतं. त्यांनी खिशातून खडू काढून सगळ्यांसमोर त्यावर रेघ ओढली. हातभर लांबीच्या त्या रेघेत एक बोटभरही जागा सरळ नव्हती. मशीनवाला दारात येऊन उभा होता, त्यानं मान खाली घातली. गिऱ्हाइकांपैकी एकानं जिभेनं चुकचुक केलं.

मास्तर थांबले आणि वाट बघू लागले. शिव्या येतील, नाहीतर कुणी खांद्यावर हात ठेवेल.

आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं. "बरं," ते म्हणाले. "तुमचं मन हलकं झालं असेल. माझा कोट कुठाय?"

मास्तरांनी खडू खिशात ठेवला.

"म्हणजे मला वाईट वाटलं तुमच्या हाताचं," आजोबा म्हणाले. "पण मी तुमची कहाणी ऐकायला नव्हतो आलो. कापड तिनं घेतलेलं होतं. कुठाय ते?"

त्या पाठ केलेल्या भाषणात प्रत्येक वाक्य 'मी'नं सुरू होत होतं. कापड त्यात कुठंच नव्हतं. चार दिवस मास्तर स्वतःच्या हाताकडे, स्वतःच्या खोटेपणाकडे, स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होते, आणि त्या दोन बाह्या टेबलाखालच्या खोक्यात पडून होत्या. बुधवारनंतर मास्तरांनी त्या बाह्यांना हातसुद्धा लावला नव्हता. लाज पहिल्यांदा, खऱ्या अर्थानं, तेव्हा वाटली.

ते आत जाऊन खोकं घेऊन आले. काउंटरवर तुकडे मांडले, चिंध्या एकेक करून पसरल्या, टेप लावला. बराच वेळ कुणाकडेही न बघता ते तुकडे इकडेतिकडे सरकवत राहिले. हात थरथरत होता, पण आता तो लपवण्यात वेळ जात नव्हता.

"या चुकलेल्या बाहीतूनच डावी काढायची," ते म्हणाले. "मुंढ्यापाशी कमी पडेल, कोपराखाली कमी पडेल. तिथं या चिंध्यांचे जोड घालायचे. तीन जोड."

"दिसतील?"

"दिसतील. डोळे असलेल्या कुणालाही."

आजोबांनी बोटानं लव चाचपली. "घालणार मी आहे. पण पुन्हा चुकलं तर काहीच उरणार नाही. कापणार कोण?"

"मी नाही. दीड वर्ष माझ्या रेघा जिनं ओढल्या ती. तयार झाली तर."

"तिला मी काढलंय," मालक दातांत बोलले.

"मी काढलं. तुम्ही फक्त बोललात."

आजोबा गेले. तीनपैकी दोन गिऱ्हाइकंही न थांबता गेली. मालकांनी काउंटरची फळी उचलली, मास्तरांना बाहेरचा रस्ता मोकळा करून दिला आणि म्हणाले, "सोमवारपासून तुम्हीही येऊ नका, मास्तर. आणि तुम्ही मला काकांसारखे म्हणून सांगतो, आता हात दाखवत फिरू नका." मास्तरांनी पुठ्ठा आणि कापडाचं गाठोडं काखोटीला मारलं. मशीनवाला रस्त्यापर्यंत आला.

रविवारी सकाळी मास्तर पुन्हा तिसऱ्या मजल्यावर गेले. सगळं सांगितलं, या खेपेला थोडक्यात.

"मशीनवाल्यानं कळवलं मला," काजवाली म्हणाली. "मालकांचा निरोपही आलाय, परत ये म्हणून. मी जाणार नाही. रुग्णालयाच्या कपडेखोलीत लागलेय, उद्यापासून. चादरींना पट्ट्या मारायच्या. चादरीला उजवी-डावी नसते."

"मला माफ—"

"ते राहू द्या. पुठ्ठा आणलाय का?"

तिच्याकडे टेबल नव्हतं. तिनं खाट उचलून भिंतीला उभी केली, जमीन दोनदा पुसली, कोरड्या फडक्यानं टिपली, वर स्वच्छ चादर घातली आणि तिच्यावर कापड पसरलं. मास्तर भिंतीला टेकून उभे राहिले आणि सांगू लागले. जोड कुठं, शिलाईसाठी दाब किती सोडायचा, लव कुठल्या दिशेला. ती ऐकत होती, दोनदा नाही म्हणाली. "मुंढ्यातला जोड इतका वर घेतला तर हात उचलताना तिथंच ताणेल. खाली घेऊ." मास्तरांचं तोंड सवयीनं उघडलं. मग त्यांनी तुकड्याकडे पाहिलं. तिचं बरोबर होतं.

"खाली घे," ते म्हणाले.

चिंधीची टोकं वळलेली होती, सपाट बसत नव्हती. मास्तर वाकले आणि तळव्यानं टोक दाबून धरलं. त्यांच्या बोटांबरोबर कापडावर बारीक लाटा उठायला लागल्या. काजवालीनं खडू वर उचलला.

"हात काढा. हलतंय."

"मग धरू कशानं?"

"गुडघा ठेवा."

एकेचाळीस वर्षांत मास्तरांनी अंथरलेल्या कापडावर कुणाला कोपरसुद्धा टेकू दिलं नव्हतं. त्यांनी भिंतीचा आधार घेतला. खाली बसताना दोन्ही गुडघे कडकडले. एक गुडघा त्यांनी जमिनीवर टेकवला आणि दुसरा अलगद त्या टोकावर ठेवला. कापड शांत झालं. तिनं पुठ्ठा पालथा घातला, कापडावर गुडघा टेकून बसलेल्या माणसाकडे न बघता खडू टेकवला आणि आखायला सुरुवात केली.